विचारा तर खरं : पायरुवेटचं पुढे काय होतं?

मागच्या अंकात ग्लुकोजचे दोन तुकडे होऊन पायरुवेट तयार होतं (यालाच ग्लायकोलिसिस म्हणतात) इथपर्यंत आलो होतो आणि जागा संपली. त्यावर आलेल्या प्रश्नांपैकी पाच घेतलेत. एक परीक्षेचा, एक दवाखान्यातला, एक जिममधला असे आहेत, पण फिरून सगळे एकाच एन्झाइमपाशी, म्हणजे पेशीतली रिॲक्शन घडवून आणणाऱ्या पायरुवेट डिहायड्रोजिनेज नावाच्या प्रोटीनपाशी, येतात म्हणून एकत्रच उत्तरं देते.

प्रश्न : ताई, मी बारावी सायन्सला आहे. ग्लायकोलिसिस आम्हाला नीट शिकवलं, क्रेब्ज सायकलची मोठी आकृती काढून घेतली, पण मधे जे होतं त्याला फक्त चार ओळी. पायरुवेटचं असेटिल को-ए होतं, कार्बन डायऑक्साइड निघतो, बास, पाठ करा. एवढ्याशा रिॲक्शनला तीन-तीन एन्झाइमचं कॉम्प्लेक्स कशाला लागतं? आणि शेवटी एटीपी ३८ लिहायचे की ३२?
— एक विद्यार्थिनी, मिरज

उत्तर : चार ओळी म्हणजे अन्यायच आहे गं. आधी हे बघ की ग्लायकोलिसिस संपतं तेव्हा हातात काय असतं, तर एका ग्लुकोजमागे निव्वळ २ एटीपी (पेशी खर्चते ते ऊर्जेचं सुटं नाणं) आणि थोडं एनएडीएच (इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू, ज्यापासून पुढे एटीपी बनतं). बाकी सगळी ऊर्जा अजून त्या दोन पायरुवेटमध्येच अडकलेली असते. आपल्या रक्तातल्या लाल पेशींमध्ये मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली वीजघरंच, नसतात, त्यामुळे त्या आयुष्यभर या २ एटीपीवरच भागवतात आणि पायरुवेटचं लॅक्टेट करून रक्तात सोडून देतात. पण मेंदू, हृदय, मूत्रपिंड यांचं एवढ्यात भागत नाही, त्यांना पायरुवेट मायटोकॉन्ड्रियाच्या आत न्यावंच लागतं. आत न्यायला आतल्या पडद्यात एक वाहक प्रोटीन असतं आणि गंमत म्हणजे त्याचे जीन्स कुठले हे २०१२ साली कळलं, क्रेब्जनी सायकल मांडली १९३७ ला! म्हणजे तुझ्या पुस्तकात जो एक छोटा बाण आहे ना, तो समजायला पाऊणशे वर्षं गेली.

आत गेल्यावर तिथे उभं असतं पायरुवेट डिहायड्रोजिनेज कॉम्प्लेक्स, आपण पीडीसी म्हणू. त्याला कामं तीन. तीन कार्बनच्या पायरुवेटमधला एक कार्बन कार्बन डायऑक्साइड म्हणून काढून टाकायचा, उरलेल्या दोन कार्बनच्या तुकड्याकडून इलेक्ट्रॉन काढून घ्यायचे, आणि तो तुकडा को-एन्झाइम ए ला जोडून द्यायचा म्हणजे असेटिल को-ए होऊन तो क्रेब्ज सायकलमध्ये, जिथे तो पूर्ण जळतो त्या चक्रात, शिरू शकतो. पहिलं काम ई-१ करतं, त्याच्या हातात थायमिन असतं म्हणजे बी-१ पासून बनलेलं थायमिन पायरोफॉस्फेट. दुसरं एन्झाइम ई-२, त्याला लायपोइक ॲसिड चिकटलेलं असतं आणि को-एन्झाइम ए पण इथेच येतं, जे बी-५ पासून बनतं. तिसरं एन्झाइम ई-३, त्याच्याकडे एफएडी म्हणजे बी-२ आणि शेवटी इलेक्ट्रॉन घ्यायला एनएडी म्हणजे बी-३. चार व्हिटॅमिन एका रिॲक्शनला लागतात, हे लक्षात ठेव, पुढच्या प्रश्नात लागणार आहे.

आता कॉम्प्लेक्स का. समज ही तीन एन्झाइम पेशीत वेगवेगळी पोहत असती तर ई-१ ने तोडलेला तुकडा पाण्यात सुटला असता, पुढच्या एन्झाइमला सापडेपर्यंत वेळ गेला असता किंवा तो भलतीकडेच वापरला गेला असता. त्याऐवजी ई-२ चं लायपोइक ॲसिड एका लांबलचक, लवचिक दांड्याच्या टोकाला बसवलेलं असतं, आणि तो दांडा आधी ई-१ कडे वळतो, तुकडा उचलतो, मग ई-२ च्या खोबणीत जाऊन को-ए ला देतो, मग ई-३ कडे जाऊन आपले इलेक्ट्रॉन उतरवतो आणि परत मोकळा. स्लॅब पडताना माणसं रांगेत उभी राहून घमेली हातोहात पास करतात, कुणी घमेलं खाली ठेवत नाही, तसं. पूर्ण प्रवासात तो दोन कार्बनचा तुकडा एकदाही मोकळा सुटत नाही.

असे दांडे एका कॉम्प्लेक्सवर डझनावारी असतात त्यामुळे आकारही तसाच अवाढव्य, आपल्या पेशींमधल्या पीडीसीचं वजन जवळपास ९० लाख ते १ कोटी डाल्टन (रेणूंचं वजन मोजायचं एकक). हिमोग्लोबिन ६४ हजारांच्या आसपास असतं, म्हणजे दीडशे हिमोग्लोबिन एकत्र केले तर एक पीडीसी, आणि पेशीत प्रोटीन बनवणाऱ्या रायबोसोमच्याही दुप्पट! गाभ्यात ६० प्रोटीनचा बारा पंचकोनी बाजूंचा ठोकळा आणि त्याच्याभोवती बाकीची एन्झाइम लटकलेली. माझ्या मते पेशीतली सगळ्यात देखणी मशीन कुठली तर हीच, एटीपी बनवणाऱ्या एटीपी सिंथेजवाल्यांनी रागवू नये.

अजून एक, इतका मोठा खटाटोप का याचं खरं उत्तर इथे आहे. पायरुवेटचं लॅक्टेट होतं ते परत पायरुवेट होऊ शकतं, पायरुवेटपासून वळसा घालून परत ग्लुकोजही करता येतं. पण पीडीसीमधून गेलं की संपलं, असेटिल को-ए चं परत पायरुवेट करणारं एन्झाइम आपल्या शरीरात नाही. आणि परत येता येत नाही म्हटल्यावर तिथे कडक पहारा हवाच ना. म्हणून पीडीसीवरच बसलेलं एक एन्झाइम, पीडीके, त्याला फॉस्फेट चिकटवून बंद करतं आणि दुसरं, पीडीपी, फॉस्फेट काढून चालू करतं. एटीपी, एनएडीएच, असेटिल को-ए भरपूर साठले की बंद. स्नायू आखडताना कॅल्शियम वाढतं, कॅल्शियम पीडीपीला जागं करतं, पीडीसी चालू. म्हणजे तू जिना पळत चढतेस तेव्हा स्नायूला हलायला सांगणारा निरोप आणि जळण वाढवा सांगणारा निरोप एकच असतो.

एटीपीचा हिशोब. जुनी पुस्तकं एका एनएडीएचला ३ आणि एफएडीएच-२ ला (हाही इलेक्ट्रॉन वाहणाराच) २ एटीपी धरायची. १० एनएडीएचचे ३०, २ एफएडीएच-२ चे ४, थेट मिळालेले ४, एकूण ३८. नंतर नीट मोजल्यावर ते २.५ आणि १.५ निघाले, म्हणून २५ + ३ + ४ = ३२, आणि ग्लायकोलिसिसमधले २ एनएडीएच कुठल्या वाटेने आत नेले त्यावर ते ३० पण होतात. परीक्षेत तुझ्या पुस्तकात जे आहे तेच लिही, पेपर तपासणाऱ्याशी भांडायला तू तिथे नसशील. आणि एक मार्काची गोष्ट जाता जाता, ग्लुकोजच्या ६ कार्बनपैकी पहिले २ कार्बन डायऑक्साइड पीडीसीत निघतात, बाकीचे ४ क्रेब्जमध्ये. ग्लुकोज पूर्ण जळलं तर त्यातला एक तृतीयांश कार्बन डायऑक्साइड हा या चार ओळींतून आलेला असतो!

प्रश्न : माझ्या वहिनीला तिसऱ्या महिन्यात इतक्या उलट्या झाल्या की पोटात पाणीही ठरेना. ॲडमिट केलं तर डॉक्टरांनी आधी बी-१ चं इंजेक्शन दिलं आणि ग्लुकोजचं सलाईन नंतर लावलं. घरात सगळे म्हणाले ताकदीचं सलाईन आधी लावायचं सोडून व्हिटॅमिन काय देत बसलेत. आजी तर म्हणाली, आमच्या वेळी उकड्या तांदळाची पेज प्यायलो, कुणाला इंजेक्शन लागली नाहीत. डॉक्टरांचं बरोबर होतं का?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : डॉक्टरांचं शंभर टक्के बरोबर, आणि आजींचंही बरंचसं बरोबर आहे बरं का.

शरीरात थायमिनचा साठा जेमतेम २५-३० मिलिग्रॅम असतो, दोन-तीन आठवडे खाणं बंद पडलं की तो संपत येतो. थायमिन नाही म्हणजे ई-१ चे हात रिकामे, म्हणजे पायरुवेट आत जाऊनही पुढे सरकत नाही, मागे साठतं आणि त्याचं लॅक्टेट व्हायला लागतं. क्रेब्ज सायकलमध्येही एका पायरीला थायमिनच लागतं, म्हणजे दोन्हीकडून कोंडी. अशा वेळी तुम्ही शिरेतून ग्लुकोज ओतलं तर काय होणार, उरलंसुरलं थायमिन त्या ग्लुकोजच्या मागे खर्च होणार, आणि मेंदूचे जे भाग सगळ्यात जास्त ग्लुकोजवर चालतात ते आधी बसणार. डोळे नीट फिरत नाहीत, चालताना तोल जातो, माणूस गोंधळतो. कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरने १८८१ साली याचं वर्णन केलं, त्याच्या पेशंटपैकी दोघे दारूचे व्यसनी होते आणि तिसरी एक तरुण बाई होती जिला ॲसिड पोटात गेल्यामुळे सतत उलट्या होत होत्या. दारू पिणाऱ्यांचा आजार म्हणून तो प्रसिद्ध झाला पण उलट्यांनीही होतो, त्यामुळे लांबलेल्या उलट्या असतील तर बी-१ आधी आणि ग्लुकोज नंतर किंवा सोबत, हा जगभरचा नियम आहे. साखर म्हणजे ताकद हे अर्धंच खरं, ती पीडीसीतून पलीकडे गेली तर ताकद.

आता आजींच्या तांदळाकडे येऊ. हे सगळं कळलं तेच मुळी भातामुळे. १८८० च्या दशकात डच सरकारने जावा बेटावर बेरीबेरी या पाय लुळे पाडणाऱ्या आजाराचं कारण शोधायला डॉक्टर पाठवले, त्यांतला क्रिस्तियान आइकमान तिथेच राहिला. त्याच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडायला लागले आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशी केली तर मधल्या काळात त्यांना हॉस्पिटलच्या मुदपाकखान्यातला पांढरा शुभ्र भात घालत होते, मग नवा स्वयंपाकी आला आणि म्हणाला लष्करी तांदूळ कोंबड्यांना मिळणार नाही. त्या माणसाच्या कंजूषपणाचे आपल्यावर केवढे उपकार! आइकमानला आधी वाटलं तांदळात काहीतरी विष आहे आणि कोंडा त्यावर उतारा आहे, त्याच्यानंतर आलेल्या खेरिट ग्रेन्सने १९०१ मध्ये सांगितलं की विष वगैरे नाही, पांढऱ्या तांदळात काहीतरी कमी आहे. जावातच १९२६ ला थायमिनचे स्फटिक मिळाले आणि १९३६ ला रॉबर्ट विल्यम्सने ते प्रयोगशाळेत बनवलं, हा विल्यम्स अमेरिकन पण जन्म आपल्याकडचा, नेल्लोरचा.

पण थायमिन पेशीत नक्की करतं काय हे दाखवलं ऑक्सफर्डच्या रुडॉल्फ पीटर्सने. थायमिन नसलेल्या आहारावरच्या कबुतरांची मान पाठीकडे वळते आणि ती तशीच आखडून राहतात. पीटर्सच्या प्रयोगशाळेने त्यांच्या मेंदूच्या ऊती काचेच्या भांड्यात ठेवून बघितल्या तर पायरुवेट साठत होतं आणि थायमिन घातलं की ते वापरलं जायला लागायचं. म्हणजे मायक्रोस्कोपखाली मेंदू ठीकठाक दिसतोय पण एक रिॲक्शन अडल्यामुळे अख्खा पक्षी आजारी आहे, ही कल्पना १९३० च्या दशकात अगदी नवीन होती.

उकडा तांदूळ करताना भात सालासकट भिजवून वाफवतात, त्या वेळी वरच्या थरांमधली बी व्हिटॅमिन पाण्याबरोबर दाण्यात आत झिरपतात, म्हणून नंतर सडून कोंडा काढला तरी कमी जातात. कच्चा तांदूळ मिलमध्ये पांढराशुभ्र पॉलिश केला की कोंड्याबरोबर बहुतेक थायमिन जातं. भारतात बेरीबेरी जास्त दिसायचा तो आंध्रच्या किनारपट्टीत जिथे कच्चा पॉलिश तांदूळ खायचे, उकडा खाणाऱ्या भागात कमी. आणि पेज म्हणाल तर थायमिन पाण्यात विरघळतं, त्यामुळे भात वेळून पाणी फेकणाऱ्यापेक्षा पेज पिणारा शहाणाच. फक्त आजींना हेही सांगा की पेज पोटात ठरली तर ना, वहिनीला तीच ठरत नव्हती म्हणून इंजेक्शन. आता त्यांना खाता येत असेल तर डाळी, शेंगदाणे, ज्वारी-बाजरी यांत बी-१ चांगलं असतं, रोज एक-दीड मिलिग्रॅम पुरतं, बाळंतपणात थोडं जास्त. डाळ लवकर शिजावी म्हणून सोडा घालायची सवय असेल तर ती तेवढी सोडा, सोड्याने थायमिन नष्ट होतं.

प्रश्न : जिमचे ट्रेनर म्हणतात साखर खाल्ली की तिची चरबी होते. बरं होत असेल. मग उपास केल्यावर चरबीची परत साखर होऊन ती का नाही वापरली जात? मला उपासाला दुपारी चक्कर येते आणि पोटावर तर एवढा साठा आहे.
— एक वाचक, पुणे

उत्तर : साठा असून उपयोग नाही याचं कारण वर मिरजेच्या मुलीला सांगितलं तेच, असेटिल को-ए वरून पायरुवेटकडे परतीची वाट नाही. चरबीतली फॅटी ॲसिड तुटतात तेव्हा थेट असेटिल को-ए होतं, म्हणजे ती पीडीसीच्या पलीकडच्या बाजूला येऊन पडतात. तिथून क्रेब्जमध्ये जळतात, किंवा लिव्हर त्यांचे कीटोन करून मेंदूला पाठवतं, पण ग्लुकोज नाही. चरबीतला ग्लिसरॉलचा छोटासा भाग तेवढा ग्लुकोज होऊ शकतो. झाडांना मात्र हे जमतं, रुजत घातलेला शेंगदाणा किंवा एरंडाचं बी आपल्यातलं तेल साखरेत बदलून कोंब वाढवतं कारण त्यांच्याकडे वेगळी दोन एन्झाइम आहेत, हान्स कोर्नबर्ग आणि क्रेब्ज यांनी हा मार्ग १९५७ ला मांडला. थोडक्यात या बाबतीत शेंगदाणा आपल्यापेक्षा पुढे आहे.

मेंदूला दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. उपास लांबला की शरीर काय करतं, स्नायूंमधलं पीडीके वाढवून तिथलं पीडीसी बंद करत आणतं, की बाबांनो तुम्ही चरबी जाळा, ग्लुकोज मेंदूसाठी ठेवा. लिव्हर मग लॅक्टेट, ग्लिसरॉल आणि प्रोटीनमधल्या अमायनो ॲसिडपासून नवीन ग्लुकोज बनवतं. दिवसेंदिवस उपाशी राहिलं तर मेंदू कीटोनवर बराचसा निभावतो, पण हा बदल व्हायला काही दिवस लागतात, एका दुपारीत होत नाही. तुमची चक्कर मात्र साखर कमी झाल्यानेच येते असं धरून चालू नका, पाणी-मीठ कमी पडलं, बीपी उतरलं तरी येते. डायबिटीसची गोळी चालू असेल आणि उपास करत असाल तर आधी डॉक्टरांशी बोला, हे गंभीरपणे सांगतेय.

आणि ट्रेनरचं अर्धं खरं. साखरेपासून थेट नवी चरबी बनणं माणसात रोजच्या जेवणावर तसं थोडंच होतं. जास्त होतं ते असं की साखर भरपूर आली की पेशी तीच जाळतात आणि त्याच जेवणातलं तूप-तेल न जळता साठ्यात जातं. एकादशी दुप्पट खाशी ही म्हण करणाऱ्याला पीडीसी माहीत नव्हतं पण साबुदाणा, शेंगदाणे आणि तूप एकत्र खाल्ल्यावर काय होतं ते पक्कं माहीत असावं.

प्रश्न : बाबांना शुगर आहे, तळपायाला मुंग्या येतात म्हणून दिलेल्या गोळीत अल्फा लायपोइक ॲसिड लिहिलंय. तुम्ही सांगता ते हेच का? मग गोळीने हे एन्झाइम जोरात चालेल का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : रसायन तेच. १९५१ मध्ये अमेरिकेत लेस्टर रीड यांनी ते पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात मिळवलं, जवळपास १० टन लिव्हरच्या चोथ्यातून मिळालं किती तर ३० मिलिग्रॅम! तुमच्या बाबांच्या एका गोळीत बहुधा त्याच्या कित्येक पट असेल. पण ई-२ च्या दांड्यावरचं लायपोइक ॲसिड आपली पेशी मायटोकॉन्ड्रियात स्वतःच तयार करते आणि तिथल्या तिथे चिकटवते, गोळीतलं जाऊन त्या जागी बसत नाही. ज्या उंदरांमध्ये ते बनवणारं एन्झाइमच नव्हतं त्यांना बाहेरून देऊन उपयोग झाला नाही. गोळीचा जो काही परिणाम असेल तो वेगळ्या मार्गाने, अँटिऑक्सिडंट वगैरे. मुंग्या-जळजळीवर त्याचे बरेच प्रयोग झालेत, काहींत आराम दिसला काहींत फारसा नाही, त्यामुळे शुगर ताब्यात ठेवणं हेच मुख्य. क्वचित कुणाची साखर या गोळीने एकदम उतरते असंही नोंदलं गेलंय, जपानमध्ये जास्त, तेव्हा घाम सुटून हात थरथरले तर लगेच शुगर तपासा.

लायपोइक ॲसिडवर दोन गंधकाचे अणू शेजारी-शेजारी असतात आणि आर्सेनिकला नेमके तेच हवे असतात. आर्सेनिक तिथे घट्ट बसलं की दांडा निकामी, पीडीसी बंद. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी लुइसाइट नावाचा आर्सेनिकचा विषारी वायू तयार झाला होता, दुसऱ्या महायुद्धात त्याच्यावर उतारा शोधायचं काम ऑक्सफर्डला आलं आणि ते केलं कुणी, तर त्याच कबुतरवाल्या पीटर्स यांच्या टीमने. त्यांनी सरळ दोन गंधकवालं एक छोटं औषध बनवलं, म्हणजे आर्सेनिक एन्झाइम सोडून त्यालाच जाऊन चिकटेल. ते डायमरकॅप्रॉल म्हणून जड धातूंच्या विषबाधेत पुढेही वापरलं गेलं.

प्रश्न : काकूंच्या अंगाला वर्षभर खाज, लिव्हरचा एक रिपोर्ट वाढलेला, आणि आता एएमए पॉझिटिव्ह आलं. लॅबच्या कागदावर खाली 'पायरुवेट डिहायड्रोजिनेज' असं काहीतरी लिहिलंय. काकूंना व्हिटॅमिन द्यायला हवं का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही, हा व्हिटॅमिनचा विषय नाही. इथे शरीराची प्रतिकारशक्ती चुकून पीडीसीच्याच ई-२ विरुद्ध, त्यातही लायपोइक ॲसिड बसतं त्या भागाविरुद्ध अँटिबॉडी बनवते, एएमए टेस्ट तीच शोधते. आजार प्रायमरी बिलिअरी कोलांजायटिस असू शकतो, त्याच्या दर दहातल्या नऊ पेशंटमध्ये ही टेस्ट पॉझिटिव्ह येते, आणि बहुतेक पेशंट मध्यमवयीन बायकाच असतात. पीडीसी शरीरभर जवळजवळ प्रत्येक पेशीत असताना मार लिव्हरमधल्या बारीक पित्तनलिकांनाच का बसतो, त्यावर अजून संशोधन चालू आहे. खाज आणि वाढलेलं अल्कलाइन फॉस्फटेज (लिव्हरच्या रिपोर्टमधलं एक एन्झाइम) सोबत असेल तर लिव्हरच्या डॉक्टरांकडे न्या, अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्या वर्षानुवर्षं घ्याव्या लागतात आणि लवकर चालू केल्या तर चांगला उपयोग होतो. खाजेवर वेगळं औषध मिळतं, ते मागून घ्या, कारण या गोळ्यांनी खाज जातेच असं नाही.